हळू येणारं पाणी

आमच्या थोरलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे सिन्नरचे. बोलणी करायला जाताना चार वजनदार माणसं बरोबर असावीत म्हणून शेजारच्या गायधनी भाऊजींना नेलं. पाण्याचा ट्रे आला. उन्हातून गेलेलो, सगळ्यांनी ग्लास उचलले आणि घटाघटा रिकामे केले. भाऊजींनी मात्र आपला ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, एकदा गोल हलवला, नाकाशी नेला आणि मुलाच्या आईला अगदी मऊ आवाजात विचारलं, "ताई, वरची टाकी कधी धुतली होती?"

मी मनात म्हटलं, झालं, मोडलं लग्न! आमच्या ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये नजर खुपसली. मुलाचे वडील उठले, जिना चढून वर गेले आणि थोड्या वेळाने उतरले ते तोंड बारीक करूनच. टाकीत पारवा मरून पडला होता. भाऊजी सोडून आम्ही सगळे ते पाणी पिऊन बसलो होतो.

लग्न झालं, संसारही छान चालला आहे. पण भाऊजी येणार असं कळलं, की आमच्या विहीणबाई आधी टाकीवाल्याला फोन करायच्या आणि मग भाजी आणायला जायच्या.

गायधनी भाऊजी गेल्या पौषात गेले. त्यांचा तो विजेरीएवढा निळा फिल्टर आता माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरातल्या फळीवर, माझ्या पितळी करंडकाशेजारी. करंडक कसला ते सांगते, पण जरा दमाने.

भाऊजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाण्याच्या प्रयोगशाळेत होते. आमचे हे तिथेच, बॉयलरकडे. कॉलनीत आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, त्यामुळे भाऊजींच्या बायकोची, शोभाताईंची, फोडणी मला आणि माझं बोलणं त्यांना रोज पोचायचं. भाऊजींचं काम म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं. "बॉयलरला माणसापेक्षा स्वच्छ पाणी लागतं, वहिनी," ते म्हणायचे. "माणसाचं काय, तो काहीही पितो."

अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक पेन नव्हतंच, काचेचा ड्रॉपर होता. एकदा पोस्टात कुणीतरी सहीसाठी मागून घेतलं आणि पंचाईत झाली. बोलणं हळू, चालणं हळू, जेवणं तर इतकं हळू की पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेला माणूस भुकेला उठला असं व्हायचं नाही. रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. फार लागलं मनाला, तर चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. चष्मा जितका वेळ पुसला जाई, तितका अपराध मोठा. आम्हा कॉलनीतल्या बायकांना हे माप पाठ होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी रविवारची टोळी काढली. सात-आठ रिटायर्ड माणसं, आमचे हे आणि मीसुद्धा त्यात. पहाटे नाशिकरोडहून निघायचं, हरसूलकडच्या डोंगरात फिरायचं आणि संध्याकाळी परत. मुलाने परदेशातून पाठवलेला तो फिल्टर भाऊजींच्या पाठपिशवीत. ओढ्यात एक नळी सोडायची, हातपंप मारायचा, दुसऱ्या नळीने प्यायचं पाणी. आत एक कार्ट्रिज. जुनं झालेलं एक त्यांनी मुद्दाम कापून आम्हाला दाखवलं होतं. आत पांढरेशुभ्र बारीक धागे, अगदी हातशेवयांची जुडी. "प्रत्येक शेवई आतून पोकळ आहे," ते म्हणाले. "पाणी हिच्या भिंतीतून झिरपतं आणि घाण बाहेर राहते. म्हणून ते हळू येतं. हळू येतंय तोवर विश्वास ठेवायचा."

आणि फिल्टरला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हा एकच त्यांचा कायदा.

आता माझी ओळख करून देते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची तरणीताठी बाई होते. ट्रेकला पांढरेशुभ्र बूट घालून जायची आणि चिखल आला की वळसा घ्यायची. कॉलनीच्या महिला मंडळाचा 'टापटीप गृहिणी' करंडक मी सलग तीन वर्षं जिंकला होता. तो करंडक मी चिंच लावून इतका घासला, इतका घासला, की त्यावरचं माझं नाव निघून गेलं. बाईने यावरून काही शिकावं की नाही? नाही शिकली.

एका रविवारी आमच्याच घरून निघायचं ठरलं होतं. भाऊजी आठवडाभर गावी जाणार आणि तिथून परस्पर येणार, म्हणून पाठपिशवी आमच्याकडे ठेवून गेले. मी ती उघडली. का उघडली? माझ्या घरात एक वस्तू आली आणि ती मातीने बरबटलेली आहे, हे मला झोपू देईना, म्हणून. फिल्टरला रबर लावून चिठ्ठी गुंडाळली होती, 'कृपया उघडू नये.' वाचली मी. वाचता येतं मला. पण मला वाटलं, हे पुरुषांसाठी लिहिलं असणार.

आमच्याकडे तेव्हा स्टीलचा दोन डब्यांचा फिल्टर होता, पांढऱ्या कँडलवाला. दर महिन्याला ती कँडल काथ्याने घासायची, पातेल्यात उकळायची, की परत नवी. आईने शिकवलेलं, सासूने तपासलेलं. मी भाऊजींचं कार्ट्रिज काढलं आणि पातेल्यात टाकलं. वीस मिनिटं, झाकण ठेवून. कुबट वास जावा म्हणून अर्धं लिंबू पिळलं, साल पण टाकली. मग गॅलरीत पापडांशेजारी वाळवलं आणि होतं तसं बसवून चिठ्ठी पुन्हा गुंडाळली. वर स्वतःवरच खूष! भाऊजी म्हणतील, वहिनी, काय जादू केलीत!

वैशाखाचं ऊन होतं. दुपारपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या संपल्या. ओढ्यात एकच डबकं उरलेलं, हिरवट. भाऊजी उकिडवे बसले, नळी सोडली, पंप मारला, आणि पाणी असं धो धो आलं की टोळीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात माझ्या.

दुसऱ्या दट्ट्याला भाऊजी थांबले. बाटली नाकाशी नेली. मग चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पुसतायत, पुसतायत. टाळ्या केव्हाच थांबल्या. उठून ते माझ्याजवळ आले, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, लिंबू का?"

मी मान हलवली.

"उकळलंत?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं. काय सांगू, तेव्हाही माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

"झाकण ठेवून?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. टोळीकडे वळले. "मंडळी, कार्ट्रिज गेलं. माझीच चूक, वेळेवर बदलायला हवं होतं." आणि बाटली ओतून टाकली. शेवया उकळल्या की काय होतं हे मला, दर उन्हाळ्यात चार किलो शेवया करणाऱ्या बाईला, दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. पण ते सुचलं ते पाणी मातीत जिरल्यावर.

दोन तास कोरड्या घशाने उतरलो तेव्हा सकूबाईंचा पाडा लागला. सकूबाई म्हणजे भाऊजींची तिथली मैत्रीणच म्हणा. पाड्याखाली एक झिरा होता. झिरा म्हणजे ओढ्याच्या कडेला खणलेला हातभर खड्डा, त्यात पाझरून येईल ते पाणी वाटीने उपसायचं. भाऊजींचा पंप पहिल्यांदा पाहिला तेव्हा सकूबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "बाबा, एवढुश्या नळकांड्यातनं पाणी पितोस? आमी वंजळीनं पितो. मेलो नाय आजून." भाऊजींनी त्या झिऱ्याचं पाणी तपासलं होतं. उन्हाळ्यात ते चांगलं नसायचं, गुरं तिथेच येत. त्यांनी अर्ज केले, खेपा घातल्या. शेवटी पाड्यावर नळ आला. नळाला पाणी आलं नाही. पुढे त्या नळाला सकूबाई शेळी बांधत. त्यावर भाऊजी चष्मा पुसत.

त्या दुपारी सकूबाईंनी हंडा पुढे केला. तळाशी गेलेलं पाणी. "सकाळपास्नं एवढंच मिळालं बाबा. प्या, प्या." आम्ही प्यायलो. भाऊजींच्या हातात तांब्या आला. मला वाटलं, आता हलवतील, हुंगतील. त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात तांब्या रिकामा केला. आयुष्यात पहिल्यांदा.

नंतर मी विचारलं, तसं का केलंत. म्हणाले, "ज्या बाईने अर्धा दिवस वाटीवाटीने ते भरलं, तिच्यासमोर वास घ्यायचा?"

आम्हा बाकीच्यांना काही झालं नाही. आमची पोटं मेलेला पारवा पचवलेली. भाऊजींचं पोट बॉयलरसारखं लाडावलेलं. सतरा दिवस ते जुलाबांनी अंथरुणावर होते. मी रोज पेज घेऊन जायची आणि शोभाताई रोज म्हणायच्या, "एवढं जपतात पाण्याला, आणि बघा हो, कार्ट्रिज बदलायचं विसरले!" भाऊजी उशीवरून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "वय झालं शोभा." मी पेज ढवळत राहायची. ढवळलेली पेज आणखी ढवळत राहायची.

बारा-तेरा वर्षांनी त्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं. ते म्हणाले, "नाही हो आजी, जुनी शुगर, बीपी. त्या जुलाबांचा काही संबंध नाही." दोनदा विचारलं, दोनदा हेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा नर्सने मला बाहेर बसवलं.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिस. शोभाताईंना तिथे बसवायचं नाही, रक्त बघून घेरी येते. मग बऱ्याचदा मी जायची. पहिल्याच दिवशी भाऊजींनी उजव्या हाताने यंत्राकडे बोट दाखवलं. तिथे काचेसारखी एक नळी उभी होती, त्यातून त्यांचं रक्त जात होतं. आत पांढरे बारीक धागे.

"बघा वहिनी," ते म्हणाले. "शेवया."

मग त्यांनी तिथल्या टेक्निशियनला बोलावून सगळी चौकशी केली. पाणी कुठून येतं, कसं गाळता, ही नळी पुन्हा वापरता का, वापरली तर कशाने धुता. तो बिचारा पाठ केल्यासारखं सांगत होता. शेवटी भाऊजींनी विचारलं, "उकळत नाही ना?" आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं मला पुरलं.

पाण्यातच आयुष्य गेलेल्या माणसाला आता पाणी मोजून. एका बाटलीवर शोभाताईंनी नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. दिवसभरात तेवढंच, चहा-आमटी धरून. भाऊजींनी त्याबद्दल हूं की चूं केलं नाही. नियम म्हणजे नियम. फक्त कधीकधी नळ सुरू असला की मान तिकडे वळायची, आणि बंद होईपर्यंत तिकडेच राहायची.

मार्गशीर्षात आमचे हे आणि मी हरसूलच्या बाजाराला गेलो होतो. सकूबाई भेटल्या, नागली घेऊन बसलेल्या. "पंपवाला बाबा कुठं हाय? लय दिस झालं." मी सांगितलं. किडनीला काय म्हणायचं ते सुचेना, म्हटलं, "त्यांच्या आतलं गाळणं बंद पडलं." "मंग नवं टाकायचं की!" म्हणाल्या. मी म्हटलं, वय झालं, तसं नाही टाकता येत. पुढच्या बाजाराला त्यांनी आमच्यासाठी पाच लिटरचा कॅन आणून ठेवला होता. "झिऱ्याचं हाय. ढोरं यायच्या आदी भरलं, चांदणी होती तवा. बाबाला दे."

भाऊजींनी कॅनवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "कपाटात नवं कार्ट्रिज आहे. शेवटचं. हे मॉडेल आता बनत नाही. ते बसवायचं आणि झिऱ्याचं पाणी एकदा नीट गाळून प्यायचं. एक वाटी. डॉक्टरांना विचारलंय मी, रेघेच्या आत असेल तर चालेल." इतकंच हवं होतं त्यांना. त्यासाठी त्या दिवशी त्यांनी सकाळपासून रेघ राखली. चहा नको. गोळ्या अर्ध्या घोटाबरोबर. दुपारी चारला मी गेले तेव्हा बाटलीत बरोबर एक वाटी शिल्लक होती आणि ओठांना साल आलेली.

जुनं कार्ट्रिज आत चिकटून बसलेलं. टोपण फिरेना. भाऊजींच्या डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून शीर जोडलेली, त्या हाताने जोर लावायची बंदी. उजवा एकटा काय करणार? माझे अंगठे संधिवाताने वाकडे. शोभाताईंनी सांडशी आणली, ती प्लॅस्टिकवरून सटकली. फडकं गुंडाळलं, दाराच्या फटीत धरलं, तिघांनी मिळून ओढलं. तीन म्हातारी माणसं आणि एक विजेरीएवढी वस्तू! अर्धा तास गेला. आणि मग माझ्या तोंडून, हाडीमाशी मुरलेलं, सवयीने निघून गेलं, "गरम पाण्यात धरून बघू का?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. आणि ते हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून. शोभाताई गोंधळल्या, "काय झालं? काय म्हणाल्या त्या?" हसता हसता ठसका लागला. कोरडा घसा, ठसका थांबेना. चेहरा लाल, मग काळसर. शोभाताईंनी घाबरून हाताला आली ती बाटली त्यांच्या तोंडाला लावली.

ठसका थांबला. बाटली रिकामी होती.

आम्ही तिघंही त्या लाल रेघेकडे बघत बसलो.

"अहो, एक वाटीने काय होतं," शोभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज रडका झाला होता. "मी कुणाला सांगणार नाही."

"पाय बघ," भाऊजी म्हणाले. पायांवर सूज होतीच. "उद्या पिऊ." मग माझ्याकडे वळून, "पण कार्ट्रिज आजच बसवू. थांबू नका वहिनी."

मी रडले असते, पण त्या बाईला, म्हणजे मला, रडतानासुद्धा हाताला काम लागतं. स्वयंपाकघरात गेले आणि ड्रॉवरमधून कुकरची जुनी रिंग काढून आणली. डब्याचं झाकण अडलं की मी तेच करते. रिंग टोपणावर चढवली, एक हिसका. निघालं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं घरगुती ज्ञान त्या फिल्टरच्या कामी आलं.

मग भाऊजींनी एकेक सांगितलं आणि मी एकेक केलं. हात धुवा. नव्याच्या तोंडाला बोट लावू नका. रबरी वायसर ओला करा. ("तूप लावू?" "नको वहिनी.") सरळ बसवा, टक् असा आवाज येईपर्यंत फिरवा. आधी पिण्याच्या पाण्यात भिजू द्या, मग पहिल्या दोन बाटल्या फेकून द्या. त्या मी कढीपत्त्याला घातल्या. मग झिऱ्याचं पाणी. मी पंप मारत होते, भाऊजी डोळे मिटून ऐकत होते.

"हळू येतंय ना?"

"फारच हळू येतंय हो."

"मग बरोबर."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना धाप लागली, दवाखान्यात हलवावं लागलं, आणि तिथून ते घरी आले नाहीत. ती वाटी राहिली. शोभाताईंना मी लिंबाचं सगळं सांगितलं, तेराव्यानंतर. त्या म्हणाल्या, "सतरा दिवस पेज आणलीत, तेव्हाच मला काहीतरी वाटलं होतं." हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट मला हवा तिथे करता येईल.

तर, ती संध्याकाळ. ग्लास भरला. भाऊजींनी तो उजव्या हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. एकदा गोल हलवला. नाकाशी नेला, डोळे मिटून लांब श्वास घेतला. ओठ काठापासून बोटभर. शोभाताईंनी तोंड फिरवलं. मग त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला.

"तुम्ही प्या वहिनी. आणि मला सांगा."

"भाऊजी, नको हो."

"बसवलंय तुम्ही. तपासायला नको?"

मी प्यायले. तहानलेल्या माणसासमोर पाणी पिणं किती जड असतं, ते पिऊन बघावं. एकेक घोट घशाखाली ढकलत होते आणि ते माझ्या गळ्याकडे बघत होते, हळू येणाऱ्या पाण्याकडे बघावं तसं, पूर्ण विश्वासाने.

"कसं आहे?"

"गार आहे," मी म्हटलं. "थोडं गोडसर. मागून जरा मातीचं."

"खडकाची चव आहे ती," ते म्हणाले. चष्मा काढला, शर्टाचं टोक हातात घेतलं, पण पुसला नाही. तसाच परत डोळ्यांवर चढवला.

"लिंबाचा वास नाही ना?"